मावशीबरोबर गेली की रडत नाही

ता. ११, बुधवार

ताई,

नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही असालच. हे आधी लिहून टाकते, म्हणजे ते झालं. फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू रडायला लागतेस आणि मग मलाच तुझी समजूत काढत बसावं लागतं. कागदावर रडणं ऐकू येत नाही.

दादाबरोबर पाठवलेला फ्रॉक पोचला. बारकीला अगदी बरोबर बसतो. आठ वर्षांच्या पोरीला बारा वर्षांच्या मापाचा फ्रॉक बरोबर बसतो, याचा आनंद मानायचा असेल तर तू मान.

लाँड्रीत काम दाबून आहे. हॉटेलाच्या चादरी संपता संपत नाहीत. मुकादमाशी भांडून मी सकाळची पाळी सोडली, आता दुपारची करते. त्या सकाळच्या पाळीमुळेच बारकीला दर महिन्याला इंजेक्शनला न्यायचं तुझ्याकडे आलं होतं. “तू जा गं कामाला, मी आहे ना,” असं म्हणालीस. मी लाँड्रीतल्या बायकांना कौतुकाने सांगायचे, माझ्याबरोबर दवाखाना डोक्यावर घेते, मावशीबरोबर गेली की रडत नाही. हसत घरी यायची. मांडीला पट्टी, हातात फुगा.

रडेल कशाला? सुई टोचलीच नव्हती. पट्टी तू बागेतल्या बाकावर बसून चिकटवायचीस. दवाखान्यातली नर्स मला म्हणाली, “अहो, तुम्ही कुठे होतात इतके महिने? मला वाटलं गाव सोडलंत.” मी तिच्याशीच भांडायला उठले. माझी बहीण आणते म्हटलं, तुमचं लक्ष कुठे असतं?

दवाखान्यात मी अचानक का गेले, ते राहू दे.

नाही, लिहितेच. शाळेतून बोलावणं आलं. बाईंच्या खोलीत बारकी खुर्चीच्या कडेला बसली होती, कमरेला बाईंचा स्वेटर बांधलेला. मला बघून म्हणाली, “आई, मी कशावर पडले नाही गं. खरंच नाही पडले.” तिला वाटलं, तिने काहीतरी मोडलं. वर्गातली पोरं तिला काकू म्हणतात. तिसरीतली काकू. आता त्यांना आणखी एक निमित्त.

डॉक्टरांनी तुलाही समजावलं होतं. कामाची पाळी सुरू व्हायच्या कितीतरी आधीच भोंगा वाजावा, तसं तिच्या अंगात झालंय, वयाआधीच. इंजेक्शनाने तो भोंगा बंद ठेवायचा आणि योग्य वय आलं की सोडायचं. नाहीतर आत्ता ताडमाड दिसते, पण हाडं लवकर पिकून वाढ तिथेच थांबेल. तू मान डोलावलीस. आणि बागेत नेऊन बसवलीस.

“मी तिचं वाईट करीन का गं?” मी जाब विचारला तेव्हा असं तू दारात उभी राहून म्हणालीस. नाही करणार. ते मला माहीत आहे. म्हणून तर तुझ्याशी धड भांडताही येत नाही.

आता जे लिहायचं नव्हतं ते. काल तिला घेऊन गेले. तिने टेबलाचा पाय घट्ट धरला, सोडेचना. म्हणाली, “इंजेक्शन घेतलं की मला बाळ होणार नाही. मला मावशीसारखं नाही व्हायचं.” नर्सने सुई परत ठेवली. मी पोरीला तशीच घरी आणली.

धरून टोचता येईल. मी आणि नर्स मिळून दाबून धरू. पण हे अजून काही वर्षं चालायचंय. दर महिन्याला पोटच्या पोरीला जनावरासारखं आवळायचं का? मी सांगून बघितलं, डॉक्टरही सांगून थकले. तिचा विश्वास तुझ्यावर.

तेव्हा तूच सांग तिला. तुझ्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते जसंच्या तसं सांग. मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. मूल व्हावं म्हणून तू घेतलेल्या इंजेक्शनांनी काही बिघडलेलं नाही, मुळात आशाच नव्हती, असं त्या म्हणाल्या. बाहेर पडल्यावर तू म्हणालीस, या सुयांनी माझं वाटोळं केलं. ते ना भावोजींनी खोडलं, ना मी. तुला धरायला काहीतरी हवं होतं. तुझ्यापुरतं ते तू जन्मभर धरलं असतंस तर मी कधी तोंड उघडलं नसतं. पण ते तू माझ्या पोरीच्या हातात दिलंस.

शुक्रवारी सकाळी दवाखान्यात ये. भावोजी नकोत, फुगा नको. माफीबिफीचं माझ्याजवळ काढू नकोस, मला त्याला वेळ नाही. तिच्यासमोर, स्वतःच्या तोंडाने, ते मी खोटं बोलले होते म्हण. रडू नकोस. तू रडलीस की ती तुझंच खरं धरते. आणि सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत तिचा हात तू धर.

माझा ती धरू देत नाही.

धाकटी