आशीर्वादाविना बावीस मिनिटं

ती. मामांस,

प्रभूमध्ये सलाम. तुमची तब्येत उत्तम असेल, मामींचा खोकला थांबला असेल, आणि तुम्ही (मामी लिहितात तसं) डॉक्टरांनाच पथ्य सांगत नसाल, अशी आशा आहे.

आमच्या पाळकसाहेबांची कंबर धरली आणि गेल्या रविवारची चर्चमधली उपासना माझ्याकडे आली. नीट झाली तर पुढेही मलाच मिळेल, असं मंडळीच्या सेक्रेटरींनी (एरवी शाळेत गणित शिकवतात) सांगितलं होतं. मला ती हवी होती, मामा, लपवत नाही. म्हणून तयारीत कसर ठेवली नाही. शास्त्रपाठाला शोभतील अशी गीतं निवडली, प्रार्थना मोठ्याने वाचून तिच्यातले निम्मे शब्द काढले, पाठ वाचणाऱ्या शिंपीणबाईंकडून राजांची अवघड नावं तीनदा म्हणून घेतली. (चौथ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "बाई, एवढं तर त्या राजांच्या आयांनाही पाठ नसेल.") उपासना सुरेख झाली. स्वतःच म्हणते, कारण शेवटच्या आमेनपर्यंत ती खरोखरच सुरेख झाली.

समारोपाचा आशीर्वाद मात्र मी दिला नाही. तो दीक्षा झालेल्या पाळकानेच द्यायचा, आणि मी दीक्षित नाही. जे आपलं नाही त्याला हात लावू नये, हे तुमच्याच घरी शिकले. तेव्हा आमेन म्हणून मी खाली बसले आणि आपल्या रीतीप्रमाणे सगळ्यांत वडीलधारं माणूस उठण्याची वाट पाहू लागले. (घरच्या प्रार्थनेनंतर आजी उठण्याआधी आपल्यापैकी कोणी कधी हललंय?) इथे वडीलधारे म्हणजे नव्वदीचे घड्याळजी आजोबा. ही रीत मी आठवडाभर आधी ठरवली होती. फक्त कोणाला सांगायची राहिली. आणि इथली मंडळी आशीर्वादाशिवाय जागची हलत नाही. मंडळी माझ्याकडे बघतेय, मी आजोबांकडे, आजोबा छताकडे.

असं बावीस मिनिटं. दहाव्या मिनिटाला शिंपीणबाई उठल्या. मला वाटलं, सुटले! पण त्या गेल्या थेट मागच्या बाकाकडे, जिथे त्यांची जाऊ बसते. सासूच्या शिवणयंत्रावरून सहा वर्षं दोघींत अवाक्षर नव्हतं. "सरक गं," बाई म्हणाल्या. जाऊ सरकली. मग दोघी हळू आवाजात बोलू लागल्या, आधी भांडल्यासारख्या, मग रडल्यासारख्या. शेवटी आजोबा गरजले, "संपलं असेल तर हात द्या रे कोणीतरी! गुडघा आखडलाय!"

बाहेर सेक्रेटरी म्हणाले, "तीस वर्षांत अशी अर्थपूर्ण उपासना पाहिली नाही. ती शांतता सुचली कशी तुम्हाला?" मी म्हटलं, मामांकडून शिकले. (खोटं नाही. पण खरं तरी कितपत?) पुढचा रविवारही मलाच मिळाला आहे.

तुमची आज्ञाधारक
भाची

ता. क. तीन दिवस घास गोड लागेना, म्हणून आज मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन सेक्रेटरींना खरं सांगून टाकलं: ती शांतता नव्हती, मी अडकले होते, रविवार काढून घ्या. ते फळा पुसत होते. म्हणाले, "ते कळलं होतं हो. पहिली दहा मिनिटं आम्ही तुमचीच वाट पाहत होतो. पुढची बारा त्या दोघींची. आजोबा तर केव्हाच उठत होते, मीच त्यांचा कोट मागून धरून ठेवला होता."

ता. क. २. रविवार माझ्याकडेच राहिला. तेव्हा मामा, पत्राचं खरं कारण हे: तुम्ही दीक्षित आहात, तर येऊन तेवढा आशीर्वाद द्या. अर्धं मिनिट पुरे. पण हात उचलण्याआधी एकदा मागच्या बाकांकडे बघा. कोणी बोलत असेल, तर जरा थांबा.