एक तरी अळी मरू दे

काकवीची बरणी रिकामी आहे. कुकर घासून जागेवर ठेवला आहे. खिडकीतल्या डब्यांतला कोबी भाजीला घेऊ नये. दीक्षा घरी नाही.

ही चिठ्ठी तानूबाईंना त्यांच्या मुलीकडून. मुलगी स्वतःबद्दल अशी परक्यासारखी लिहिते, कारण दोघींचं बोलणं बंद आहे. तानूबाई म्हणाल्या होत्या, "माझ्या कुकरात जंतू शिजिवतीस व्हय? त्यानं एक तरी अळी मरू दे, मग बोल माझ्याशी. तवर न्हाय." त्या दिवसापासून घरात भात पातेल्यात शिजतो.

तर कळवायचं ते असं. कुकरात जंतू कधी नव्हतेच. काकवी आणि बेसनाचं त्यांचं जेवण तेवढं होतं. कीड मारणारे ते जंतू वाढले विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. आधी दोनदा कुकरच्या जुन्या रिंगमधून वाफ गळली, जेवण नीट उकडलं नाही आणि नासलं. या वेळी कुकरला नवी रिंग होती, वाफ गळली नाही, आणि जंतू असे माजले की तिथले सरही बघत राहिले.

दीक्षाने ते पाण्यात कालवून डाव्या डब्यातल्या पानांवर फवारले. उजव्या डब्यात नुसतं पाणी. दोन्हींत कुरुंदवाडच्या मामाच्या मळ्यातल्या, औषधालाही न जुमानणाऱ्या अळ्या. उजवीकडच्यांनी पानांची चाळण केली आहे. डावीकडच्या मेल्या आहेत. एक नव्हे, सगळ्या. वाटल्यास काडीनं डिवचून बघावं.

आई, आता मी बोलणार. सरांना सांगायला गेले आहे, दुपारी जेवायला येते. मामाला फोन कर. भात कुकरातच लाव.

कुकरची नवी रिंग मी बसवली नव्हती.