यार्डात माइक नाही

४ जानेवारी, रविवार. सकाळी ७.१०

काल आमच्या ‘यार्ड’चा तिसरा कार्यक्रम. दणदणीत यश. दौंड-शिरूर रस्त्यावरच्या बंद गुऱ्हाळात दुपारी तीन ते रात्री आठ टेक्नो संगीत. पत्ता गुप्त, पोस्टर नाही, आठला बंद, म्हणजे पुण्याच्या पोरांना परतीची डेमू लोकल सापडते. एकूण ब्याण्णव माणसं. त्यात मला ओळखणारी चार. हे प्रमाण सुधारायला हवं.

पाहुणी डीजे पुण्याची, स्टेजवरचं नाव नकुशी. साडेसहाला तिला रंग चढला. अख्खं गुऱ्हाळ डोळे मिटून उड्या मारत होतं. नेमकं तेव्हाच संगीत थांबवून मी तिचा सत्कार घेतला. सत्कार भरल्या मंडपातच घ्यायचा, नंतर लोक जेवायला पांगतात. बावीस वर्षांचा अनुभव. पाहुणा आला आणि शाल न घेता गेला, असं माझ्या सूत्रसंचालनात आजवर झालेलं नाही. ‘नकुशी नव्हे, ही तर हवीहवीशी!’ हे वाक्य जागेवर सुचलं. टाळ्या पडल्या नाहीत. लोक भारावले होते. फेट्यावर हेडफोन बसेना, तेव्हा तिनं फेटा काढून नारळाला घातला. कलावंत मंडळी जरा विक्षिप्त असायचीच.

परिचय अकरा मिनिटं चालला. संकल्प: पुढच्या वेळी चार.

५ जानेवारी, सोमवार. संध्याकाळी

अफताबच्या गोदामात मीटिंग. हजर: अफताब, त्याची राबिया, माझी वैष्णवी. दोघी पोरी पुण्यात शिकतात, टेक्नो त्यांनीच घरी आणलं. साउंड अफताबचा. कल्पना माझी, म्हणजे ‘करू या’ हा शब्द पहिल्यांदा मी उच्चारला.

विषय एकच. माइक नको.

अफताब म्हणाला, विशू, ह्यात कुणी बोलत न्हाई. एका गाण्यातनं दुसरं निघतं, सांधा दिसाया नको. तू नेमका सांध्यावर नारळ फोडतोस.

राबिया हसली. वैष्णवी हसली नाही, मोबाइलमध्ये बघत राहिली. तिला वडिलांचा अपमान सहन झाला नसावा.

मी मोठ्या मनानं मान्य केलं. अफताबच्या हातावर हात मारून शब्द दिला: यार्डात माइकला हात लावणार नाही. अफताबपुढे मी ताणून धरत नाही. बावीस वर्षं लग्नं, सत्कार, शोकसभा, सगळं दोघांनी मिळून केलं. माझ्या आवाजाला किती खर्ज द्यायचा आणि पोटात गॅस असताना किती कमी करायचा, हे जगात त्या एकाच माणसाला कळतं. दुसऱ्याच्या साउंडवर मी एकदाच बोललो होतो. लोकांना वाटलं, मी आजारी आहे.

१७ जानेवारी, शनिवार. रात्री ९.३०

शब्द पाळला. माइकला हात लावला नाही. शाळेच्या क्रीडास्पर्धांचा भोंगा घेऊन गेलो होतो. भोंगा म्हणजे माइक नव्हे.

पाहुणा डीजे हनुमंत. रांजणगावच्या कारखान्यात प्रेस मशिनवर असतो, पहिली पाळी करून थेट आला. त्याचं संगीतही तसंच, दणका आणि वाफ. ऐकणाऱ्याला पार्श्वभूमी ठाऊक असेल तरच त्यात मजा, म्हणून पार्श्वभूमी सांगितली. चार मिनिटांची मर्यादा काटेकोर पाळली. सहाही वेळा.

ह्या वेळी प्रतिष्ठित मंडळींची उणीव भरून काढली. सोसायटीचे चेअरमन पोपटराव यांना आमंत्रण दिलं आणि नाचणाऱ्यांच्या मधोमध त्यांच्यासाठी सोफा टाकला. चेअरमनांना कोपऱ्यात कसं बसवणार? अर्धा तास ते शांतपणे बसून होते. मग मला वाकवून कानात म्हणाले, सर, सगळं झकास हाय, पर नवरा-नवरी कवा यायचे?

साडेपाचला पुण्याची पोरं उठून गेली. डेमूची वेळ बदलली असावी.

अफताब सोफा उचलायला आला. मी म्हटलं, कसं झालं? तो म्हणाला, जड हाय.

२० जानेवारी, मंगळवार

वाईट बातमी. यार्ड बंद. अफताबचा फोन: गुऱ्हाळाचा मालक नको म्हणतोय, दुसरी जागा न्हाई, आता राहू दे. बोलताना मधेमधे थांबत होता. बिचारा फार खचलाय. मी त्याला वीस मिनिटं धीर दिला. म्हटलं, आपण काळाच्या पुढे होतो. तो म्हणाला, व्हय, तू तर लईच.

वैष्णवीला सांगितलं. ‘ओह’ म्हणाली. दुःख आतल्या आत ठेवणारी पोर.

संकल्प: यार्डसाठी श्रद्धांजलीपर भाषण लिहून ठेवणे. वेळ येईल तेव्हा येईल.

७ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १.१५

अफताबचा टेम्पो आत्ता चौकातून गेला. मागे आठ मोठे स्पीकर, ताडपत्रीखाली. मी हात केला. ड्रायव्हरनं मान वळवली, ती नेमकी दुसरीकडे.

आज दौंड-शिरूर पट्ट्यात एकही लग्न नाही. असतं तर मला बोलावणं असतं. वाढदिवस नाही, मिरवणूक नाही, पारितोषिक वितरण नाही. मग आठ स्पीकर कुणासाठी?

वैष्णवीला फोन लावला. म्हणाली, पप्पा, लेक्चर चालू आहे. मागे कोणीतरी ओरडलं, अगं, जनरेटर आला!

स्कूटर काढतोय.

त्याच दिवशी, रात्री ११

आल्या आल्या लिहितो.

निमोण्याच्या पुढे, बंद पडलेलं पोल्ट्रीचं शेड. बाहेर पुण्याहून केलेली बस. दारात राबिया, कुणी फोटो काढू नये म्हणून प्रत्येकाच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावत होती. मला बघून तिच्या हातातला स्टिकर तिच्याच बोटाला चिकटला. काका, तुम्ही? मी म्हटलं, का, पाहुण्यांच्या यादीत नाव नाही? ती म्हणाली, यादीच नाहीये, काका. यादी नाही! ही ह्यांची व्यवस्था.

आत सव्वादोनशे माणसं. पाहुणी तीच, नकुशी. डोक्यावर फेटा नाही, खांद्यावर शाल नाही, परिचय नाही. अशा उघड्याबोडक्या अवस्थेत ती वाजवत होती आणि लोक वेड्यासारखे नाचत होते. कुणालाही काहीही कमी वाटत नव्हतं. हे मला सर्वात जास्त लागलं.

स्पीकरच्या मागे, मशिनपाशी अफताब. त्याच्या कानाला तोंड लावलं आणि सगळं बोललो. बावीस वर्षांची मैत्री, पाठीत खुपसलेला सुरा, सगळं. म्हटलं, तुझा बाप बाबुलाल साधे दोन कर्णे सायकलला बांधून फिरायचा, त्याच्या पोराला माणसांत मी आणला. म्हटलं, माझ्या आवाजाशिवाय तुझा साउंड म्हणजे नुसती खोकी. फार ओघवतं झालं. मध्ये दोन कवितेच्या ओळीही गेल्या, माझ्याच.

अफताब समोर बघत मान हलवत राहिला. तालात. मला वाटतं, गुन्हा कबूल करत होता.

वैष्णवी लांबून दिसली. नाचत होती. ह्या कटात माझ्या पोरीला ओढलं, ह्याबद्दल अफताबला माफी नाही.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी

वैष्णवी घरी आली. मी म्हटलं, बाळा, अफताबनं तुला फसवलं.

ती म्हणाली, पप्पा, बसा. मी बसलो.

ती म्हणाली, तुम्हाला न सांगता करायचं, हे मी ठरवलं. अफताबकाका दोन आठवडे नाहीच म्हणत होते. म्हणाले, विशू नसंल तर माझे स्पीकरबी न्हाईत. मी रडले, तेव्हा तयार झाले. तेही एका अटीवर, की कार्यक्रमाआधी पप्पांना मी स्वतः सांगायचं. आणि मी सांगितलं नाही.

का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, सांगायला लागले असते तर तुम्ही मध्येच बोलायला लागला असता.

मी लगेच तिला समजावून सांगायला घेतलं की तसं काही नाही. सव्वादोनला, माझं बोलणं चालू असतानाच, ती उठून निघून गेली.

वैष्णवीच्या आईला, अनिताला, म्हटलं, ऐकलंस? ती म्हणाली, मला ठाऊक होतं. काल सगळ्यांच्या जेवणाचे डबे माझेच होते. चार तास खपले.

म्हणजे बायको, मुलगी, जेवण. घरात शत्रू नसलेला असा एक मीच. आणि ज्या एका माणसानं माझी बाजू लावून धरली, त्याच्या कानात मी काल...

हरकत नाही. एवढ्या दणदणाटात त्याला एक अक्षर ऐकू आलेलं नसणार.

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.४०

अफताबला फोन केला. मोठं मन करून मीच. म्हटलं, कार्यक्रम छान झाला रे. तो म्हणाला, हां. म्हटलं, परवा कानात जरा अभिनंदन करत होतो, गोंगाटात काही कळलं नसेल.

तो म्हणाला, सगळं कळलं. स्पीकरची तोंडं तिकडं हायत. मागं बोललेलं नीट ऐकू येतं, म्हणूनच मी तिथं उभा ऱ्हातो.

एवढी वर्षं स्टेजवर काढून हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण बोलताना मी ऐकत नाही, ती माझी व्यावसायिक शिस्त आहे.

मी बराच वेळ बोललो. तो मध्ये एकदाही बोलला नाही, त्यावरून त्याला पटत असावं. मी थांबल्यावर म्हणाला, वडलांचं यायला नको होतं. बाकी समदं चांगलं बोललात. शेवट तेवढा लांबला. आन् पंधरा तारखेच्या लग्नाला दुसरा साउंड बघा.

फोन ठेवला.

बोललात. बघा. बावीस वर्षांत पहिल्यांदा अफताबनं मला अहोजाहो केलं. आदर वाढला असणार.