जुन्या मॉनिटरवरचा डाग

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात). तुझ्या गुडघ्याची चौकशी करत नाही, कारण तो कसा आहे ते आम्हाला ठाऊक आहे. कसं ठाऊक, ते सांगायलाच हे पत्र. फोन केला असता, पण तू मध्येच हसून ठेवून दिला असतास.

मी लोकांचे जुने फोटो दुरुस्त करून पोट भरतो, हे तू जाणतेसच. कुणाच्या आजोबांच्या कपाळावरची भेग बुजव, कुणाच्या नवरीचा उडालेला रंग परत आण. ऐन कामात घरच्या मॉनिटरने डोळे मिटले, म्हणून जुन्या सामानाच्या दुकानातून एक उचलला. दुकानदार म्हणाला, अगदी नव्यासारखा आहे. (नव्यासारखा म्हणजे नवा नव्हे, हे माणसाला घरी आल्यावरच कळतं.) लावल्या लावल्या उभ्या हिरव्या रेघा. केबल काढून फुंकर मारली, परत खोचली. रेघा गेल्या आणि चित्र थरथरायला लागलं. सेटिंग खालीवर केलं, थरथर थांबली आणि फोटोतल्या सगळ्या माणसांना कावीळ झाली. शेवटी केबलच नवी आणली, तेव्हा रंग ताळ्यावर आले. उजव्या कोपऱ्यात एक पुसट डाग मात्र राहिला तो राहिलाच. निरखून पाहिलं, तर तो डाग नव्हता. अरुंद पॅसेज, टोकाला बंद दार, भिंतीशी खुर्ची.

मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, हा मॉनिटर कुठल्यातरी पहारेकऱ्याच्या केबिनमध्ये असणार. कॅमेऱ्याचं एकच चित्र वर्षानुवर्षं राहिलं की पडद्यावर त्याचा ठसा बसतो. "हलत नाही ना? मग घाबरायचं कशाला?" आम्ही निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दार उघडं होतं.

कॉम्प्युटर बदलून पाहिला, शेजारणीचा लॅपटॉप जोडून पाहिला. अखेर भर दुपारी प्लगच काढला. सगळी स्क्रीन काळी झाली. कोपरा तेवढा उजळ राहिला, आणि खुर्चीवर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. मेकॅनिक पुन्हा आला. त्याने जमिनीवर पडलेला प्लग बघितला, स्क्रीन बघितली, चपला घातल्या आणि गेला. त्याचा स्क्रूड्रायव्हर अजून आमच्याकडेच आहे.

बायकोने मॉनिटरवर टॉवेल टाकला. आईने तो काढला (तिला टॉवेल हवा होता), आणि चष्मा पुसून जवळ गेली. मग म्हणाली, "हा ताईच्या नव्या घरातला पॅसेज आहे." मी म्हटलं, आई, असे पॅसेज छप्पन्न असतील. "आणि हे भावोजी. कान बघ कसा ओढतायत."

मावशी, मी तुझं नवं घर पाहिलेलं नाही, पण काकांचा कान मी ओळखतो. काका जाऊन वर्ष होत आलं. तेवढ्यात हातात पिशवी घेऊन, गुडघा दाबत तू दारातून आत आलीस. त्यांच्या शेजारून गेलीस. तुला वाट द्यायला त्यांनी पाय आत घेतले. तू बघितलंही नाहीस.

आता आई रोज सकाळी स्टूल घेऊन तिथे बसते आणि "आज ताई बरी चालतेय" अशी बातमी देते. बायको त्या खोलीत एकटी जात नाही. मी कोपरा सोडून उरलेल्या स्क्रीनवर काम करतो. नवऱ्यामुलांचे चेहरे दुरुस्त करताना तिकडे पाठ करून बसावंसं वाटतं, पण पाठ केली की जास्तच जाणवतं.

बाकी क्षेम. आईचा नमस्कार.

तुझा (अजून शुद्धीवर असलेला) भाचा

ता. क. मॉनिटर दुकानदाराला परत करू म्हटलं, तर आई जेवत नाही.

ता. क. आणखी एक. खरं विचारायचं होतं ते राहिलंच. ती खुर्ची तू कुणाला देऊन टाकलीस का? रागावत नाही, डुगडुगत होती हे आम्हालाही दिसत होतं. पण असेल तिथून परत आण. मंगळवारपासून काका उभे आहेत.