‘घरची बोली’ निघण्याआधी आणि नंतर

४ नोव्हेंबर, मंगळवार
मुंबईहून कंपनीच्या बाईंचा फोन. दुसरा अल्बम आवडला, पण माझ्या कडव्यांतली मराठी ‘शुद्ध नाही’. पुण्याचे एक गीतकार नीट करून देतील म्हणे. मी म्हटलं, आमच्या चार पिढ्या बनारसमध्ये अशीच बोलल्या, हिंदी मिसळून. अल्बमचं नावच ‘घरची बोली’. ती पुण्याहून कशी मागवायची?
मुन्शी घाटावर सरोजला सांगितलं. तिच्या बाबूजींची नाव दुरुस्तीसाठी वर ओढलेली, तिच्या सावलीत बसलो. सरोज एक मिनिटही परेशान नाही. "तो खुद निकालेंगे." २१ तारीख पक्की.

६ नोव्हें.
नऊच्या नऊ गाणी तयार. बीट सगळे सरोजचे, शब्द अर्धे तिचे बनारसी, अर्धे माझे. पहिल्या अल्बमपेक्षा दुप्पट दम आहे. लिहायला लाजत नाही.
‘संकल्प’ सगळ्यात भारी. बीटखाली बाबांचा आवाज, पंचगंगा घाटावर यात्रेकरूंना संकल्प सांगतानाचा. घशाच्या ऑपरेशनआधी फोनवर घेतलेला. तेव्हा तो घाटावरच्या मशिदीपर्यंत जायचा. आता नुसती हवा येते. यजमान विनूकाकांकडे जातात, बाबा त्यांना दर्भ-तांब्या मांडून देतात. सख्ख्या धाकट्या भावाला.
सरोज : "बाबूजी से पूछा?"
नाही विचारलं.

९ नोव्हें.
ऐकवलं. बाबांनी हेडफोन अर्ध्यातच काढले, आत गेले. जेवले नाहीत.
आई म्हणाली, "अगं वृंदा, ऑपरेशननंतर त्यांनी स्वतःचा आवाज ऐकलाच नव्हता. मी जुन्या कॅसेटी मुद्दाम लपवून ठेवल्यात."
मला वाटलं होतं खूश होतील. खरंच वाटलं होतं.

१० नोव्हें.
सकाळी चहा देताना कान जवळ नेला तेव्हा ऐकू आलं. "तो आवाज काढ. लोक विचारतील, आता का नाही म्हणत?"
"बरं" म्हटलं. सरोजने माझ्यासमोर तो तुकडा काढला. गाणं लंगडं झालं. ती म्हणते आठच काढू. मी नाही म्हटलं. पण मग काय करायचं, ते सुचत नाही.

१४ नोव्हें.
शाळा सुटल्यावर परस्पर सरोजकडे. दार उघडलं तर बाबा खाटेवर बसलेले! सरोजची आई त्यांना चहा देतेय. गल्लीगल्लीतून एकटे चालत आले.
"आत्ताचा घे," म्हणाले.
मी : "बाबा, माइकवर फक्त हवा येईल."
सरोज : "आने दीजिए हवा."
माइक ओठांना टेकवला, डोक्यावरून रजाई. पहिल्यांदा श्वास पुरला नाही. दुसऱ्यांदा खोकला. तिसऱ्यांदा, यजमानाने आपलं नाव घ्यायचं असतं तिथे थांबले. रजाई बाजूला करून माझ्याकडे पाहिलं. मी नाव सांगितलं. मग सरोजकडे पाहिलं. ती गडबडली, मग हात जोडून तिनेही सांगितलं. बाबा पुढे म्हणू लागले.
तेच ठेवलं. एक अक्षर कापलं नाही.

२१ नोव्हें., शुक्रवार
निघाला! कंपनीशिवाय, आमचा आम्ही.
संध्याकाळी बडोद्याच्या एका मुलीचा मेसेज : "आमच्या घरी अशीच मराठी बोलतात. मला वाटायचं, आमचीच चुकते." सरोजला मराठीत वाचून दाखवला. तिला सगळा कळला.

२३ नोव्हें.
विनूकाका तणतणत आले. "संकल्प म्हणजे काय गाण्याबजावण्याची चीज आहे, दादा? मला घाटावर जवाब द्यावा लागतो."  बाबा आज दर्भ-तांब्या मांडायला गेले नाहीत. दुपारभर घरी, गाणं दोनदा ऐकलं. पूर्ण.

३० नोव्हें., रविवार
येत्या शनिवारी कार्यक्रम, दशाश्वमेधाजवळच्या हॉलमध्ये. ‘संकल्प’मध्ये बाबांच्या जागी रेकॉर्डिंग वाजवायचं, असं सरोजशी फोनवर ठरवत होते. बाबा दारात.
"रेकॉर्डिंग कशाला?"
आई तिथल्या तिथे चिडली. डॉक्टरांनी घशावर जोर द्यायला सक्त मना केलंय. शिवाय विनूकाका येणार आहेत, चार भटजी घेऊन, ऐकायला की उठून जायला ते माहीत नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि धोतर इस्तरीला दिलं.
मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. हॉलवाल्याने दोनच माइक लिहून घेतलेत. तिसरा सांगायचा असेल तर उद्या दुपारपर्यंत.