औषधाची गार जागा

४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भिंगरीचे गुडघे पुन्हा सुजलेत. सकाळी तिला उचलून मोरीपर्यंत नेते आणि मग लाँड्रीत इस्त्रीला उभी राहते. आठ वर्षांची पोर, पण तोंड बघ! काल म्हणाली, माझ्या गुडघ्यांवरही इस्त्री फिरव, सूज बसेल.

सांध्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, इंजेक्शन लागू पडत नाही, पुढच्या खेपेला बंद करू. यापुढचं औषध इथे मिळतच नाही. तुलाच सांगते, पहिल्या दिवशी सिस्टरने घाईघाईत विचारलं होतं, घरी फ्रिज आहे ना, आणि मी हो म्हणून बसले. नाही म्हटलं तर औषध देणार नाहीत असं वाटलं. औषध भरलेल्या सुया ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्याला टेकवून ठेवते. पत्र्याखाली त्या कितीशा गार राहणार?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी


९ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलेच आहे. अगं बये, औषध वाईट नाही, उन्हाने नासलंय! डॉक्टरीणबाईंना ते कसं कळणार? चांगलं औषध बंद होईल आणि पोर जन्माची अधू होईल. लाज कसली, चोरी केलीस का? ऐनवेळी तोंडाला कुलूप लावलंस तर मी स्वतः येऊन सांगेन, आणि माझा आवाज तुला माहीत आहे.

भिंगरीचा पापा घे. तुझ्यावरची माया तशीच आहे.

ताई


१७ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं एकदाचं. बाई औषध बंद करायचं लिहायलाच बसल्या होत्या. वाटलं, आता हाकलतात. पण सिस्टरने दार उघडून बाहेरच्या बाकावरच्या आयांना विचारलं, की घरी फ्रिज नाही असं कोण कोण आहे, कुणाचं औषध तोडणार नाही. कुणी हलेना. तेव्हा माझ्या कडेवरून भिंगरीच ओरडली, आमच्याकडे नाही! मग एकेक करत जवळजवळ सगळ्या बाकाने हात वर केले.

आता सुया दवाखान्यातच राहतील, दर शनिवारी तिथेच टोचतील. मालकीण सुट्टी देईल की नाही, देव जाणे, मी भांडेन.

पण ताई, हात वर करणाऱ्यांतली एक आई ओक्साबोक्शी रडायला लागली. तिच्या मुलाचं इंजेक्शन मागेच बंद केलंय. ती आज त्याच्या कुबड्या न्यायला आली होती.

अशीच रागावत राहा.

तुझी,
धाकटी