पंचवीस वर्षांचा दगड

२ मार्च २०१६, सकाळी ७
ठरलं. उदगीर जिल्हा होणार. १ मेला घोषणा पक्की. बातमी आतली आहे (दिलशादच्या सलूनमधली, पण आतल्या खुर्चीवरची). जिल्हा झाला की साहेब लोक येणार, साहेबांना घर लागणार. आपला खालचा मजला रिकामाच आहे. आणि ज्या घरात साहेब, त्या दारात टँकर. मग बायकोला, सिंधुला, गल्लीच्या टोकाला जाऊन पाण्याच्या रांगेत नंबराचा दगड ठेवायची गरज नाही. तिला हे सगळं सविस्तर समजावलं. म्हणाली, अहो, आधी आजचा दगड ठेवून या.
घराचा दर्शनी भाग मात्र साहेबाला शोभेल असा हवा.

५ मार्च
लातूरहून दर्शनी भिंतीवर चिकटवायचा स्टोन आणला. कारखान्यात साच्यात ओतलेला, सिमेंटचा. पण खऱ्यापेक्षा जास्त खरा दिसतो. इंचभर जाड, तपकिरी. पंचवीस वर्षं वॉरंटी. म्हणजे माझ्या पंच्याहत्तरीपर्यंत भिंतीकडे बघायला नको. समोरच्या मडिवाळप्पांनी एक नग हातावर तोलला. कानडी हेलात म्हणाले, एन री व्यंकटराव, दगड हाय का बिस्कीट? त्यांचं घर आजोबांच्या काळचं, काळ्या दगडाचं. जळतात.

१० मार्च
जिलानी मिस्त्री आला. भाषण दिलं. जुना ऑइलपेंट आधी छिन्नीनं टोचायचा. मग भिंतीला पोटभर पाणी. स्टोन लावल्यावर सात दिवस सकाळ-संध्याकाळ पुन्हा पाणी मारायचं. म्हणे, ही दिवाल प्यासी हाय साहेब, प्यासी दिवाल कुनालाच धरत न्हाई.
कारागीर चांगला, पण जुन्या वळणाचा. पेंट गेल्या दिवाळीतला, तो का टोचायचा? पाण्याचं म्हणाल तर सिंधुनं ड्रमवर फळी टाकली आहे आणि फळीवर स्वतः बसली आहे. तडजोड म्हणून भिंतीवर ओलं फडकं फिरवलं. जिलानी बघत राहिला. दिवालीला ताप आलाय का, म्हणाला.

१७ मार्च
काम पूर्ण. घर किल्ल्यासारखं दिसतंय. संकल्प : सात दिवस अंघोळ भिंतीला टेकून. अंगावरचं पाणी थेट दगडावर. एक थेंब वाया नाही.

१८ मार्च
टँकर आला नाही. अंघोळ रद्द. सिमेंट आतल्या आत वाळतं, असं माझं मत आहे.

३० मार्च, दुपारी २
ऊन त्रेचाळीस. पहिला दगड पडला, स्कूटरच्या सीटवर. सीट फाटली, दगड अखंड! याला म्हणतात टिकाऊपणा. तरी कंपनीला फोन केला. तिकडची मुलगी फार गोड बोलते. म्हणाली, सर, वॉरंटी दगडाची आहे. दगड फुटलाय का? म्हटलं, नाही. म्हणाली, मग अभिनंदन सर.

८ एप्रिल, पाडवा
एकूण अकरा. गुढी बांधताना बारावा. भिंत सेटल होत आहे. मधल्या रिकाम्या जागा मुद्दाम सोडल्यासारख्या वाटतात, किंबहुना उठावच येतो. पडलेला एक दगड सिंधु नंबराला ठेवून आली. लांबून ओळखू येतो म्हणे. चला, तिला आवडला एकदाचा.

१९ एप्रिल
साहेब आले! जिल्ह्याच्या आधीच! पाणीपुरवठ्याचे सिद्धेश्वर साहेब, दुष्काळाच्या ड्युटीवर, खोली बघायला. बेल दाबली आणि दोन दगड खाली. साहेब मागे सरले. मी हसत एलेव्हेशनची माहिती दिली. त्यांनी विचारलं, पाण्याचं काय? मी वॉरंटी सांगितली. ते म्हणाले, ते कळलं हो, पाण्याचं काय?
उद्या कळवतो म्हणाले. चेहरा अनुकूल होता.

२० एप्रिल
साहेबांनी मडिवाळप्पांकडची खोली घेतली. त्यांच्या आडाला अजून दिवसाला चार घागरी पाणी आहे. टँकर आता त्यांच्याच दारात थांबतो. माझा अंदाज शंभर टक्के बरोबर निघाला. फक्त घर चुकलं.

१ मे, महाराष्ट्र दिन
घोषणा नाही. दिलशाद म्हणतो, १५ ऑगस्ट. आतलीच खुर्ची.
सकाळी टँकरच्या रांगेत भांडण. सिंधुचा दगड बघून गल्लीतल्या सगळ्या बायांनी माझ्या भिंतीखालचे दगड वेचले होते. रांगेत चौतीस दगड, सगळे तपकिरी, सगळे माझे, एकालाही तडा नाही. शेजारची भामाबाई म्हणे पहिला माझा. हसीना म्हणे, ओ भामाबाई, त्याच्यावर तुमचं नाव लिवलंय का? शेवटी मडिवाळप्पांनी न्याय केला. दगड बंद. ज्याचा नंबर, त्यानं स्वतः उभं राहायचं.
सिंधुनं घागर माझ्या हातात दिली.
हे उभ्यानं लिहितो आहे. चौतिसावा. ऊन फार आहे, पण मडिवाळप्पांच्या भिंतीची सावली बरी आहे. टेकलं तरी काही पडत नाही.